ऑपरेशन पोटाचं, हिशेब मूत्रपिंडाचा

पॉडकास्टच्या आजच्या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी, आणि ऐकताना सनावळी हातून निसटल्या असतील तर त्या पुन्हा बघता याव्यात म्हणूनही.

आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष वाटेल. जठराचा, आतड्याचा, स्वादुपिंडाचा कॅन्सर. त्याचं ऑपरेशन. गाठ निघाली, टाके नीट आहेत, सर्जन खूश आहेत. आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टर येऊन नातेवाइकांना सांगतात, "क्रिएटिनिन वाढलंय, लघवी कमी होतेय." घरच्यांना कळतच नाही. दुखणं पोटाचं, कापलं पोट, मग किडनी मध्येच कुठून आली?

हाच प्रश्न वैद्यकशास्त्रालाही पडला होता. त्याचं उत्तर शोधता शोधता शंभराहून अधिक वर्षं गेली. अनेक युद्धं, एक ओसाड मशीन, सर्जन लोकांची भांडणं, एक मोठा घोटाळा आणि एका निर्वासित छावणीतलं मीठ-साखरेचं पाणी, असा तो सगळा प्रवास आहे. चला, सुरुवातीपासून बघूया.

व्हिएन्ना, १८८१

२९ जानेवारी १८८१. व्हिएन्नामध्ये थिओडोर बिलरोथ नावाच्या सर्जननं ४३ वर्षांच्या एका बाईच्या जठराच्या खालच्या टोकाचा कॅन्सर कापून काढला आणि उरलेलं जठर लहान आतड्याला जोडलं. आठ मुलांची आई होती ती. त्याआधी पॅरिसमध्ये पेआं यांनी १८७९ मध्ये आणि पोलंडमध्ये रिडिगियर यांनी १८८० मध्ये असाच प्रयत्न केला होता. दोघांचेही पेशंट वाचले नाहीत. बिलरोथची पेशंट ऑपरेशनमधून उठली, खाऊपिऊ लागली. पुढे साधारण चार महिन्यांनी ती गेली, पण ती कॅन्सर पसरल्यामुळे, ऑपरेशनमुळे नव्हे. पोटाच्या कॅन्सरच्या सर्जरीचा इतिहास बहुतेक जण इथूनच सुरू करतात.

त्या काळच्या कागदपत्रांत मूत्रपिंडाचं नाव फारसं येत नाही. पेशंट दगावायचे ते रक्तस्रावानं, शॉकनं, पोटात पू होऊन. आता विचार करा, मूत्रपिंडं बंद पडून मरायलासुद्धा माणूस ऑपरेशननंतर आठवडाभर तरी जगावा लागतो! सर्जरी सुधारली, भूल सुधारली, जंतुनाशकं आली, माणसं पहिले दोन दिवस पार करू लागली. तेव्हा कुठे हा पुढचा धोका दिसू लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्लेरमाँ आणि फॉन हाबेरर या सर्जननी पित्ताच्या खड्यांच्या ऑपरेशननंतर लघवी पूर्ण बंद झालेल्या पेशंटबद्दल लिहिलं. कावीळ झालेला पेशंट आणि त्याची मूत्रपिंडं यांचं काहीतरी वाकडं आहे, हे तेव्हाच लक्षात आलं होतं. का, ते मात्र कळत नव्हतं.

आधी मूत्रपिंडाबद्दल दोन गोष्टी

आपली दोन मूत्रपिंडं मिळून शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्काही भरत नाहीत. पण हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त फेकतं त्याचा पाचवा हिस्सा या दोघांकडे जातो. दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात ओढून घेतला जातो. उरते ती दीड-दोन लिटर लघवी.

गाळण्याचं काम रक्ताच्या दाबावर चालतं. परत ओढून घेण्याचं काम मात्र मेहनतीचं आहे, त्याला प्राणवायू लागतो. आणि गंमत म्हणजे मूत्रपिंडाच्या आतल्या भागात प्राणवायू आधीच बेताचा असतो. म्हणजे महिनाअखेरीला हातात मोजकेच पैसे असलेल्या घरासारखी अवस्था. रोजचं भागतं, पण एखादा अचानक खर्च आला की कोलमडतं. पोटाचं मोठं ऑपरेशन म्हणजे असा अचानक खर्च: रक्त जातं, भुलीनं रक्तदाब उतरतो, उघड्या पोटातून पाणी उडतं, सूज येते, कधी जंतुसंसर्ग होतो.

लंडन, १९४१: ढिगाऱ्याखालून काढलेली माणसं

हे कोडं सुटायला सुरुवात झाली ती मात्र ऑपरेशन थिएटरमध्ये नव्हे, बॉम्बहल्ल्यात.

१९४० च्या शेवटी जर्मन विमानं लंडनवर बॉम्ब टाकत होती. कोसळलेल्या घरांच्या ढिगाऱ्याखाली माणसं तासन्‌तास अडकायची. बाहेर काढल्यावर ती बोलायची, चहा मागायची. पाय चिरडलेला, पण जीव वाचला म्हणून सगळे सुटकेचा श्वास टाकायचे. मग पाय सुजायचा, रक्तदाब खाली यायचा, लघवी कमी आणि गडद व्हायची, आणि साधारण आठवड्याभरात माणूस जायचा. हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधल्या एरिक बायवॉटर्स आणि डेसमंड बील या डॉक्टरांनी अशा चार पेशंटचं वर्णन ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या २२ मार्च १९४१ च्या अंकात छापलं. मूत्रपिंडांना मार लागलेला नव्हता. तरी त्यांच्या सूक्ष्म नलिका खराब होऊन तपकिरी गाळानं भरल्या होत्या.

म्हणजे दुखापत एकीकडे आणि बंद पडतं भलतंच. चिरडलेल्या स्नायूंमधून रक्तात उतरलेला माल आणि शॉकमुळे आटलेला रक्तपुरवठा, दोन्हींचा फटका दूर बसलेल्या मूत्रपिंडांना.

जाता जाता एक योगायोग. हा लेख छापून यायच्या तीनच आठवडे आधी, २८ फेब्रुवारी १९४१ ला, मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटलचं उद्घाटन झालं होतं. कॅन्सरचं मोठं ऑपरेशन आपल्या दारात आलं आणि त्या ऑपरेशनमागून येणाऱ्या धोक्याचं आधुनिक वर्णन लंडनमध्ये झालं, ते महिन्याभराच्या आतच.

पुढे १९५१ मध्ये होमर स्मिथ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानं आपल्या ग्रंथात या प्रकाराला 'अक्यूट रीनल फेल्युअर' हे नाव रूढ केलं.

सॉसेजची कातडी आणि कोरियातली छावणी

त्याच युद्धात, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, काम्पेन नावाच्या छोट्या गावात विलेम कोल्फ हा तरुण डॉक्टर एक मशीन बनवत होता. सॉसेज भरायला वापरतात ती सेलोफेनची नळी एका मोठ्या पिंपाला गुंडाळायची, पिंप मिठाच्या पाण्यात फिरवत ठेवायचं आणि त्या नळीतून पेशंटचं रक्त वाहू द्यायचं. रक्तातली घाण सेलोफेनमधून पाण्यात उतरते. १९४३ पासून त्यानं एकामागून एक पेशंटवर हे मशीन चालवलं आणि जवळजवळ सगळे गेले. किती जणांनी हात टेकले असते! सप्टेंबर १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक स्त्री आली. तिला पित्ताशयाचा तीव्र संसर्ग होता आणि मूत्रपिंडं बंद पडली होती. ती बेशुद्धीतून बाहेर आली आणि वाचली. डायलिसिसनं जीव वाचलेली ती पहिली व्यक्ती मानली जाते. लक्षात घ्या, तिचं मूळ दुखणंही पोटातलंच होतं.

मग कोरियाचं युद्ध. १९५२ मध्ये अमेरिकी सैन्यानं तिथे मूत्रपिंड बंद पडलेल्या सैनिकांसाठी वेगळं केंद्र उघडलं आणि कोल्फच्या मशीनची सुधारलेली आवृत्ती नेली. पॉल टेशन हे त्यातले महत्त्वाचे डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात अशा जखमींपैकी दहातले नऊ दगावायचे, कोरियात ते प्रमाण साधारण निम्म्यावर आलं.

पण खरा धडा पुढच्या युद्धात मिळाला. व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टरनं जखमी लवकर उचलले जायचे, रक्त आणि सलाईन लगेच सुरू व्हायचं. कोरियात गंभीर जखमींपैकी दोनशेत एकाची मूत्रपिंडं बंद पडायची, व्हिएतनाममध्ये सहाशेत एकाची. एकदा बंद पडली की मात्र मशीन असूनही मरणारे पुष्कळ होते. तेव्हा मशीनपेक्षा मोठं औषध कोणतं ठरलं? वेळेवर दिलेलं रक्त आणि पाणी. मूत्रपिंड बिघडल्यावर दुरुस्त करण्यापेक्षा बिघडू न देणं सोपं.

आता प्रश्न राहिला एकच: पाणी द्यायचं, पण किती?

सलाईन किती? चाळीस-पन्नास वर्षं चाललेलं भांडण

शिरेतून पाणी देण्याची कल्पना जुनी आहे. १८३१-३२ च्या कॉलऱ्याच्या साथीत विल्यम ओशॉनसी या तरुण डॉक्टरनं रोग्यांचं रक्त तपासून दाखवलं की त्यातलं पाणी आणि क्षार निघून गेलेत. हेच ओशॉनसी पुढे कंपनी सरकारच्या नोकरीत कलकत्त्याला आले आणि आपल्या देशातली पहिली टेलिग्राफची लाईन टाकणारे म्हणून ओळखले गेले. त्यांच्या निष्कर्षावरून १८३२ मध्ये स्कॉटलंडच्या लीथमध्ये थॉमस लाटा यांनी मरायला टेकलेल्या रोग्यांच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं आणि काही जण उठून बसले. पुढे सिडनी रिंगर यांनी बेडकाच्या हृदयावरच्या प्रयोगांतून क्षारांचं मिश्रण ठरवलं, अ‍ॅलेक्सिस हार्टमन यांनी त्यात लॅक्टेट घातलं. आज वॉर्डात ज्याला सगळे 'आरएल' म्हणतात, ते हेच.

बाटली मिळाली. आता मोजमापाचा वाद.

बोस्टनचे फ्रान्सिस मूर म्हणायचे: ऑपरेशननंतर शरीर स्वतःच मीठ-पाणी धरून ठेवतं, लघवी थोडी कमी होणं साहजिक आहे, बाहेरून फार ओतू नका. डॅलसचे टॉम शायर्स यांनी १९६१ मध्ये उलट मांडलं: मोठ्या ऑपरेशनमध्ये बरंच पाणी सुजलेल्या भागांत अडकून पडतं, रक्ताच्या उपयोगी राहत नाही, म्हणून ते भरून द्या. व्हिएतनामचा अनुभव शायर्स यांच्या बाजूनं बोलत होता. झालं! सर्जन आणि भूलतज्ज्ञ सढळ हातानं ओतू लागले. इतके की १९६७ मध्ये मूर आणि शायर्स या दोघांनी मिळून एक संपादकीय लिहिलं. त्याचं शीर्षक होतं एकच शब्द: संयम. दोन प्रतिस्पर्धी एकत्र येऊन सांगताहेत की बाबांनो, आमच्या नावावर टोक गाठू नका. ऐकलं कुणी? फारसं नाही.

त्यामागे एक समजूतही होती. लघवीची पिशवी रिकामी दिसली की पाणी वाढवायचं. पेशंटची लघवी हीच जणू सर्जनची मार्कशीट. पण ऑपरेशनच्या ताणानं शरीरात अशी संप्रेरकं वाढतात की मूत्रपिंड ठणठणीत असूनही लघवी कमी होते. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात गॅस भरतात, तेव्हाही लघवी उतरते, कारण पोटातला दाब वाढला की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो. तिथे बाटलीमागून बाटली लावून काय होणार? ते पाणी जातं कुठे? आतड्यांच्या भिंतीत, फुप्फुसांत, टाक्यांच्या जागी. पेशंट ऑपरेशननंतर तीन-चार किलोनं 'वजनदार' व्हायचे आणि ते वजन पाण्याचं असायचं.

२००२ मध्ये नॉटिंगहॅमच्या दिलीप लोबो आणि सहकाऱ्यांनी मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालेल्या २० जणांवर अभ्यास केला. ज्यांना मीठ-पाणी बेतानं दिलं त्यांची पोटं लवकर सुरू झाली. २००३ मध्ये डेन्मार्कच्या बिर्गिट्टे ब्रॅन्डस्ट्रुप यांनी आठ हॉस्पिटलांतल्या १७२ पेशंटचा अभ्यास छापला. मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या ऑपरेशनचे पेशंट. हात आखडून पाणी दिलेल्या गटात ३३ टक्के जणांना गुंतागुंत झाली, नेहमीच्या गटात ५१ टक्के. त्याच देशात हेन्रिक केलेट पेशंटला लवकर खायला द्या, लवकर चालवा, उगाच उपाशी आणि झोपवून ठेवू नका, असं नव्वदच्या दशकापासून सांगत होते. झोका आता दुसऱ्या टोकाला निघाला. 'कोरडं ठेवा' हा नवा मंत्र झाला.

आणि मग २०१८ मध्ये मेलबर्नच्या पॉल माइल्स यांच्या नेतृत्वाखालचा मोठा अभ्यास आला. सात देश, पोटाचं मोठं ऑपरेशन होणारे तीन हजार पेशंट. एका गटाला पहिल्या दिवसाच्या अखेरपर्यंत साधारण ३.७ लिटर द्रव मिळाला, दुसऱ्याला ६.१ लिटर. वर्षभरानं जगण्यात आणि हिंडण्याफिरण्यात दोन्ही गट सारखेच. फरक पडला तो मूत्रपिंडात. कमी पाणी मिळालेल्यांपैकी ८.६ टक्के जणांच्या मूत्रपिंडांना इजा झाली, जास्त मिळालेल्यांपैकी ५ टक्के जणांच्या.

म्हणजे फार पाजलं तर आतडी सुजतात, फार तहानेलं ठेवलं तर मूत्रपिंडं रुसतात. मूर आणि शायर्स यांचा १९६७ चा तो एक शब्द पन्नास वर्षांनी तीन हजार पेशंटचा हिशेब मांडून पुन्हा सिद्ध झाला म्हणा ना.

किडनी वाचवणाऱ्या बाटल्या

मधल्या काळात आणखी एक गोष्ट झाली. मूत्रपिंड वाचवणारं औषध सापडलं, असं डॉक्टरांना पुन्हा पुन्हा वाटलं.

कावीळ झालेल्या पेशंटसाठी १९६५ मध्ये लंडनच्या जॉन डॉसन यांनी मॅनिटॉल सुचवलं. लघवी वाढली, आशा वाढली. पुढच्या अभ्यासांत फायदा टिकला नाही. डोपामिनचा छोटा डोस तर 'किडनीचा डोस' म्हणूनच जगभर दिला जायचा. २००० मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या आयसीयूंनी ३२८ पेशंटवर तपासून बघितलं. काहीही उपयोग नाही. लघवी वाढवणं आणि मूत्रपिंड वाचवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजायला इतकी वर्षं लागली.

सगळ्यात वाईट कथा स्टार्चची. मक्यापासून किंवा बटाट्यापासून बनवलेलं स्टार्चचं द्रावण शिरेतून दिलं तर ते रक्तवाहिनीत टिकून राहतं, थोडक्यात काम होतं, असा दावा होता. जर्मनीचे भूलतज्ज्ञ योआखिम बोल्ट यांनी त्याच्या बाजूनं ढीगभर शोधनिबंध लिहिले. २०१० मध्ये उघड झालं की त्यांचा एक अभ्यास झालेलाच नव्हता. चौकशी झाली आणि सुरुवातीलाच नव्वदच्या आसपास निबंध मागे घेतले गेले. २०१२ मध्ये दोन मोठे स्वतंत्र अभ्यास आले. स्कँडिनेव्हियातल्या अभ्यासात गंभीर जंतुसंसर्गाच्या पेशंटपैकी स्टार्च मिळालेले ५१ टक्के नव्वद दिवसांत दगावले, साधं द्रावण मिळालेले ४३ टक्के. दोन्ही अभ्यासांत स्टार्चवाल्यांना डायलिसिस जास्त लागलं. एका माणसाच्या खोट्या कागदांवर विसंबून जगभरात किती जणांना ती बाटली लागली असेल, याचा हिशेब कुणी मांडू शकणार नाही.

क्रिएटिनिन: उशिरा वाजणारी घंटा

आता ज्या आकड्यानं नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो, त्याकडे वळू. १८८६ मध्ये माक्स याफे यांना दिसलं की क्रिएटिनिनमध्ये पिक्रिक आम्ल घातलं की नारिंगी-लाल रंग येतो. आजही पुष्कळ लॅबमध्ये हीच पद्धत, थोडी सुधारून, वापरतात. क्रिएटिनिन हा स्नायूंचा रोजचा कचरा. मूत्रपिंड तो बाहेर टाकतं. कचरा साठला म्हणजे सफाई थांबली, इतकं सोपं.

पण या घंटेत दोन खोट आहेत. एक, ती उशिरा वाजते. मूत्रपिंडाला धक्का बसला तरी आकडा चढायला एक-दोन दिवस जातात. दुसरी खोट कॅन्सरच्या पेशंटमध्ये फार महत्त्वाची. जठराच्या किंवा अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये माणूस महिनोन्‌महिने नीट खात नाही, स्नायू झडतात. स्नायू कमी म्हणजे कचरा कमी, म्हणजे आकडा मुळातच छोटा. सत्तर किलोच्या माणसात १ हा आकडा नॉर्मल असेल, पण खंगून पंचेचाळीस किलोवर आलेल्या आजोबांचं क्रिएटिनिन १ असेल तर त्यांची मूत्रपिंडं अर्ध्या ताकदीवर चालत असू शकतात. रिपोर्टवर मात्र लाल खूण नसते. शिवाय भरपूर सलाईन दिलं की रक्त पातळ होऊन आकडा आणखी खाली दिसतो.

एकविसाव्या शतकापर्यंत 'मूत्रपिंडाला इजा झाली' म्हणजे नेमकं काय, याच्या व्याख्याच असंख्य होत्या. प्रत्येक गावची वेगळी मोजपट्टी! २००४, २००७ आणि शेवटी २०१२ अशा तीन टप्प्यांत जगभरच्या तज्ज्ञांनी एक व्याख्या ठरवली. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ नं वाढलं, किंवा सात दिवसांत मूळच्या दीडपट झालं, किंवा सहा तास लघवी दर किलो वजनामागे ताशी अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी राहिली, तर ती इजा. नावही बदललं. 'फेल्युअर' गेलं, 'इंज्युरी' आलं. कारण बिलरोथच्याच व्हिएन्नामधून २००४ मध्ये हृदयाच्या ऑपरेशनच्या चार हजारांहून अधिक पेशंटचा अभ्यास आला होता आणि त्यात दिसलं की क्रिएटिनिनची किरकोळ वाटणारी वाढसुद्धा मृत्यूचा धोका वाढवते. पूर्वी ज्याला 'थोडं वाढलंय, बघू' म्हणायचे, ते आता 'थोडं वाढलंय, आत्ताच बघू' झालं.

मग धोका कोणाला?

२००९ मध्ये अमेरिकेतल्या सामान्य सर्जरीच्या ७५,९५२ ऑपरेशनांची नोंद तपासून सचिन खेतरपाल आणि सहकाऱ्यांनी एक यादी काढली. वय ५६ किंवा जास्त, पुरुष असणं, हृदय कमजोर असणं, पोटात पाणी होणं, उच्च रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंड आधीच थोडं कमजोर असणं, तातडीचं ऑपरेशन, आणि पोटाच्या आतलं ऑपरेशन. यादी पुन्हा वाचा. आपल्याकडचा साठीतला, बीपी आणि शुगरच्या गोळ्या घेणारा, आतडं तुंबल्यामुळे रात्री अपरात्री अ‍ॅडमिट झालेला कॅन्सरचा पेशंट डोळ्यांसमोर आणा. यादीतल्या किती खुणा तो एकटा भरतो! ज्यांना मूत्रपिंडाची गंभीर इजा झाली त्यांच्यात तीस दिवसांतला मृत्यूचा धोका आठपट होता.

यात पोटाच्या कॅन्सरची खास कारणं मिळवा. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ असली की पित्त तुंबून कावीळ होते. पित्त आतड्यात पोचत नाही, म्हणून आतड्यातलं जंतूंचं विष रक्तात जास्त शिरतं आणि मूत्रपिंडाला डिवचतं. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कोड्याचा हा एक उलगडा. सिसप्लॅटिनसारखी केमोची औषधं मूत्रपिंडाला थेट मारक. ऑपरेशनआधी ती घेतली असतील तर मूत्रपिंड आधीच थकलेलं असतं. टाका सुटून पोटात संसर्ग झाला तर तो सगळ्यांत मोठा घाव.

रक्तदाबाचंही ऐका. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या तेहतीस हजारांहून अधिक ऑपरेशनांच्या अभ्यासात दिसलं की सरासरी रक्तदाब ५५ च्या खाली पाचेक मिनिटं जरी राहिला तरी मूत्रपिंडाच्या इजेशी त्याचा संबंध दिसतो. आणि पेनकिलर? आपल्याकडे गुडघे दुखले की मेडिकलमधून सहज आणली जाणारी गोळी मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी आखडून टाकते. एरवी खपून जातं. ऑपरेशननंतर, पाणी कमी असताना, बीपीच्या काही गोळ्यांच्या जोडीला, तीच गोळी महागात पडते.

घरी गेल्यावरचा धोका

आता शेवटचा अध्याय, जो बऱ्याचदा सांगायचा राहून जातो. १९८२ मध्ये इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक या गावच्या बिल हील्ड यांनी गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन कसं नेमकं करावं ते दाखवलं. कॅन्सर परतण्याचं प्रमाण खूप घटलं. पण जोड खूप खाली येऊ लागला आणि तो गळण्याची भीती वाढली. उपाय म्हणून लहान आतड्याचा एक फासा काही आठवडे पोटावर बाहेर काढून पिशवी लावतात. २००७ मध्ये स्वीडनच्या २३४ पेशंटच्या अभ्यासात पिशवी लावलेल्यांपैकी १०.३ टक्के जणांना गळतीचा त्रास झाला, न लावलेल्यांपैकी २८ टक्के जणांना. निकाल स्पष्ट होता.

पण एक प्रश्न सोडवला की दुसरा उभा राहतो. मोठं आतडं पाणी आणि मीठ शोषून घेतं. ते वाटेतून बाजूला झालं की दोन्ही पिशवीत वाहून जातात. पेशंट घरी येतो, सगळे म्हणतात भरपूर पाणी प्या. तो साधं पाणी पीत राहतो. नुसत्या पाण्यानं पिशवी आणखी वाहते, कारण लहान आतडं त्या पाण्यात मीठ सोडतं. तोंड कोरडं, पायांत गोळे, लघवी कमी, आणि दोन-तीन आठवड्यांत पेशंट पुन्हा हॉस्पिटलमध्ये, या वेळी मूत्रपिंडासाठी.

यावरचा उपाय आपल्या शेजारीच सापडला होता. आतड्यात मीठ आणि ग्लुकोज हातात हात घालून आत जातात, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथे निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत मीठ, सोडा आणि ग्लुकोजचं पाणी बनवून लोकांना पाजायला सुरुवात केली. तेच आजचं ओआरएस. पिशवी लावलेल्या पेशंटलाही साध्या पाण्याऐवजी मीठ-ग्लुकोजचं द्रावण देतात, ते याच तत्त्वावर. १८३२ चा कॉलरा, १९७१ चा कॉलरा आणि कॅन्सरची पिशवी. तिन्हींच्या मुळाशी मीठ आणि पाणी.

तर मंडळी, इतिहास ऐकून हाती काय घ्यायचं? घरात कुणाचं असं ऑपरेशन ठरलं असेल तर चार प्रश्न डॉक्टरांना आधीच विचारा. वजन बघता या क्रिएटिनिनचा अर्थ काय? चालू गोळ्यांपैकी कोणत्या, कधी थांबवायच्या? त्यात गुडघ्याची गोळी, आयुर्वेदिक काढे, सगळं सांगा, लपवू नका; आणि स्वतःच्या मनानं काही बंदही करू नका. ऑपरेशनच्या किती तास आधीपर्यंत पाणी पिता येईल? आणि पिशवी लागणार असेल तर घरी काय प्यायचं, दिवसाला किती वाहिली की फोन करायचा?

ऑपरेशननंतर वॉर्डात नर्स लघवीच्या पिशवीवरचा आकडा तासातासाला लिहून घेते, तेव्हा ते कारकुनी काम वाटतं. पण त्या एका आकड्यामागे लंडनचा ढिगारा आहे, काम्पेनचं पिंप आहे, कोरियाची छावणी आहे. तिला तो शांतपणे लिहू द्या. आणि "सलाईन अजून एक लावा ना" असं म्हणण्याआधी मूर आणि शायर्स आठवा.